बुंदीला हवं घर

एक होतं कुत्र्याचं पिल्लू. पिवळं पिवळं, गोल गोल. नाव काय? बुंदी!

बुंदी राहायची नामाकाकांच्या अंगणात. एका खोक्यात. खोक्यात गोणपाट. गोणपाटावर बुंदी. ऐटीत!

एके दिवशी काय झालं? गाय आली. तिने खोकं हुंगलं. जरासं चाटलं. पुठ्ठा लागला गोड. मच मच मच! मच मच मच! खोकं गेलं गाईच्या पोटात. गाय गेली निघून.

थंडीचे दिवस. गार गार वारा. बुंदी कुडकुडली. "कुईं कुईं! आता मी झोपू कुठे?"

नामाकाका होते सुतार. ओसरीवर बसून दाराला रंधा मारत होते. सर्र सर्र! सर्र सर्र!

बुंदी गेली लुटुलुटु, लुटुलुटु.

"काका, काका, घर बांधा!"

"कशाला गं बुंदे?"

"गाय खाऊन गेली खोकं!"

"अरेरे! बांधतो की. पण फळी कुठाय? हौसामावशीने फळी दिली, तर मी घर बांधीन."

बुंदी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

हौसामावशीची होती लाकडाची वखार. इकडे फळ्या, तिकडे फळ्या. मधे मावशी.

"मावशी, मावशी, फळी दे!"

"कशाला गं बुंदे?"

"गाय खाऊन गेली खोकं,
काका बांधीनात घर!"

"आई गं! देते की. पण फळी केवढी, तू केवढी! नेशील कशी? बैलाने गाडी ओढली, तर मी फळी देईन."

बुंदी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

बैल बसला होता चिंचेखाली. रवंथ करत.

"बैलदादा, बैलदादा, गाडी ओढ!"

"कशाला गं बुंदे?"

"गाय खाऊन गेली खोकं,
काका बांधीनात घर,
मावशी देईना फळी!"

"हम्मा! ओढतो की. पण माझी घंटा कुठाय? ती नेली कावळ्याने. घंटा वाजल्याशिवाय माझा पायच उचलत नाही. कावळ्याने घंटा सोडली, तर मी गाडी ओढीन."

बुंदी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

कावळा बसला होता लिंबावर. अगदी शेंड्यावर. बुंदीने मान वर केली. आणखी वर केली. धप्पकन उताणी पडली! पण उठली.

"कावळेदादा, कावळेदादा, घंटा सोड!"

"कशाला गं बुंदे?"

"गाय खाऊन गेली खोकं,
काका बांधीनात घर,
मावशी देईना फळी,
बैल ओढीना गाडी!"

"काव काव! सोडतो की. पण मला लागलीय भूक. चंपाआत्याने भाकरी थापली, तर मी घंटा सोडीन."

बुंदी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

चंपाआत्याच्या घरात काय चाललं होतं? टॅहॅं! टॅहॅं! झोळीत बाळ रडत होतं.

"आत्या, आत्या, भाकरी थाप!"

"कशाला गं बुंदे?"

"गाय खाऊन गेली खोकं,
काका बांधीनात घर,
मावशी देईना फळी,
बैल ओढीना गाडी,
कावळा सोडीना घंटा!"

"अगंबाई! थापते की. पण माझ्या हातात झोळीची दोरी. थापू कशाने? बाळ हसलं, तर मी भाकरी थापीन."

बुंदी गेली झोळीजवळ.

"बाळा, बाळा, हास ना!
गाय खाऊन गेली खोकं,
काका बांधीनात घर,
मावशी देईना फळी,
बैल ओढीना गाडी,
कावळा सोडीना घंटा,
आत्या थापीना भाकरी!"

बाळ काय म्हणालं? टॅहॅं! टॅहॅं! टॅहॅं!

आता कुणाकडे जायचं? बुंदीचे पाय दुखले. ती बसली झोळीखाली. वर पाहते तर काय! झोळीतून एक पाय बाहेर. गुलाबी गुलाबी अंगठा.

बुंदीने अंगठा चाटला. चट्!

बाळ गप्प.

पुन्हा चाटला. चट् चट्!

बाळ हसलं! खुदुखुदु, खुदुखुदु!

बाळ हसलं, आत्याने थापली भाकरी. थप थप थप! गरम गरम भाकरी. बुंदीच्या तोंडाला सुटलं पाणी. पण तिने खाल्ली नाही हं. थोडी निवू दिली, हळूच दातांत धरली आणि पळाली.

कावळ्याला मिळाली भाकरी. अर्धी त्याने खाल्ली. अर्धी बुंदीपुढे टाकली. "खा गं. तूही दमलीस."

कावळ्याने सोडली घंटा. टण्ण!

बैलाने ओढली गाडी. खुळुक खुळुक! टण टण!

मावशीने दिली फळी. एक नाही, चांगल्या सात! फळ्यांवर बसली कोण? बुंदी!

मग काकांनी घेतली करवत. खर्र खर्र! घेतला हातोडा. ठक ठक!

खाली ठेवल्या चार विटा. म्हणजे ओल नाही लागायची. वर केलं उतरतं छप्पर. म्हणजे पाणी नाही साचायचं. मग काकांनी बुंदीला उभं केलं. माप घेतलं. आणि दार कापलं मोठ्ठं.

"काका, एवढं मोठं दार?"

"मग? तू मोठी होणार ना गं!"

बुंदी शिरली आत. एकदा गोल फिरली. दोनदा फिरली. तीनदा फिरली. आणि बसली फतकल मारून.

"काय बुंदे, आवडलं का घर?"

बुंदीने तोंड उघडलं. कुईं नाही, बिईं नाही. मोठ्ठ्याने म्हणाली,

"भू!"

बुंदी तिच्या घरात, आपण आपल्या घरात. आणि गोष्ट? ती गेली फिरायला, लुटुलुटु, लुटुलुटु.