भांडगे यांच्या दुकानाची काच

“...आणि काचेला करडी फिल्म लावली तर?”

“करडी लावली तर उन्हातही चित्र उठून दिसेल,” पांचाळमास्तर म्हणाले. “पण आत अंधार येईल.”

“पांढरी?”

“सावलीत सगळ्यात उजळ. उन्हात फिकी. आणि रस्त्यावरून आतलं काही दिसणार नाही.”

“मग पारदर्शक?”

“काच काचच राहील. चित्र मात्र ऊन उतरल्यावर.”

उमाकांत भांडगे हसले. “एवढं मलाही ठाऊक आहे, मास्तर. महिनाभर हेच वाचतोय. यातली चांगली कोणती, ते सांगा.”

मास्तर स्टुलावर बसले. काचेच्या कामात त्यांची चाळीस वर्षं गेली. त्यांच्या हाताखाली माझी सतरा. नाशिकहून येवल्यापर्यंत ते एसटीत एक शब्दही बोलले नव्हते.

दुकान पैठणीचं. पश्चिमेकडे बारा फूट रुंद काच. तिला आतून फिल्म चिकटवायची, छताला प्रोजेक्टर टांगायचा, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला काचेवर पदर झुळझुळताना दिसणार. समोरच्या नव्या दुकानात तसं आहे.

काचेला लागूनच हातमाग होता. त्यावर उमाकांतरावांचे थोरले भाऊ मुरलीधर बसले होते. आम्ही आल्यापासून त्यांची मान वर झाली नव्हती.

मी तिन्ही फिल्मचे वीतभर तुकडे पाण्याने काचेवर डकवले. करड्या तुकड्याची सावली मागावर पडली. मुरलीधरदादांनी हातातलं रेशीम डोळ्यांजवळ नेलं, मग थोडं सरकून उन्हात धरलं.

“करडीच घ्यावी म्हणतो,” उमाकांतराव म्हणाले. “माग मागच्या खोलीत नेऊ. तिथे ट्यूब आहे.”

“ट्यूबखाली मोरपंखी आणि हिरवा एकच दिसतो,” दादा म्हणाले. तक्रार नव्हती. नुसतं सांगितलं.

“मग दुसरे रंग विणा.”

“आता दुसरं काही विणायचं नाही मला. मागच्या खोलीत गेलो की विणणंच थांबवीन.” त्यांनी ताण्याच्या धाग्यांतून धोटा फेकला. “तू लाव तुला हवी ती. इथे बसून तरी काय... कोण बघतंय?”

“तेच सांगतोय मी!” उमाकांतराव मास्तरांकडे वळले. “दादा अकरा वर्षं काचेमागे बसलेत. लोकांनी बघावं म्हणूनच इथे बसवलं. कोणी बघत नाही, मास्तर. सरळ समोरच्या दुकानात जातात.”

मास्तरांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, झोपले.

“काच कोणी पुसली?” त्यांनी विचारलं.

“मीच. आज दोनदा. तुम्ही येणार म्हणून तीन वाजता पुन्हा पुसली.”

“एरवी?”

“रोज सकाळी सहाला. नोकरांच्या हाती फडकं देत नाही मी. दादा यायच्या आत काच आरशासारखी पाहिजे.”

“रोज पुसण्यासारखं असतं काय?”

“काय नसतं? लोकांना शिस्त आहे का! हात टेकतात, कपाळ टेकतात, पोरं तर नाक...”

ते थांबले.

माग खटखटत होता.

मास्तर गुडघ्यावर हात देऊन उठले. बाहेर गेले. उमाकांतराव त्यांच्या मागे, मी उमाकांतरावांच्या मागे. ऊन डोळ्यांवर येत होतं. मागासमोर जाऊन मास्तर वाकायला लागले. त्यांची कंबर धरलेली होती. निम्म्यात एकदा थांबले. कमरेच्या उंचीला तोंड नेऊन त्यांनी काचेवर हळूच श्वास सोडला.

आतल्या एसीने गार झालेल्या काचेवर वाफ धरली.

वाफेत एक कपाळ उमटलं. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन तळव्यांच्या कडा, ऊन अडवायला धरतात तशा. बाजूलाच दुसरं कपाळ, अर्धवट पुसलेलं. त्याखाली पाच लहान बोटं.

उमाकांतराव ओणवे झाले. ठसे विरले. त्यांनी स्वतः श्वास सोडला. पुन्हा आले.

पुन्हा विरले...

काचेपलीकडे, हातभर अंतरावर, दादांची मान खालीच होती.

“हे... दुपारचे असतील,” उमाकांतराव म्हणाले. “आजचे.”

मास्तर कमरेवर हात ठेवून सरळ झाले.

“अकरा वर्षं...” उमाकांतरावांनी खांद्यावरचं फडकं काढलं आणि हातात धरून ठेवलं. ते पिवळं, मऊ, फार वापरलेलं होतं.

आत येऊन मास्तरांनी आधी करडा तुकडा सोडवला. मागावर ऊन परत आलं. मग बाकीचे दोन सोडवले, कोरडे केले, गुंडाळले आणि माझ्या पिशवीत ठेवले.

“अहो मास्तर, फिल्म राहिलीच की! दसऱ्याला पंधरा दिवस आहेत. आज काही तरी सांगून जा.”

“सोमवारी येतो.”

“आणि तोवर मी काय करू?”

मास्तर पायरीवर बसून चपला घालत होते. एक पट्टा सुटला होता. तो त्यांनी सावकाश बसवला.

“तोवर काच तुम्ही पुसू नका,” ते म्हणाले. “फडकं दादांकडे द्या.”