तारेखालची फट

ही कथा मी १४ ऑगस्ट २०२३ रोजी दुपारी मिरजेत, तानपुरे बनवणाऱ्या हमीदाबी यांच्याकडून ऐकली.

त्यांचे वडील बाबालाल यांच्या डोळ्यात मोतीबिंदू काढल्यावर भिंग बसवले होते. भिंगाच्या कडेला एक सूक्ष्म संवेदक कण होता. तार आणि ती जिच्यावर टेकते ती घोडी, यांच्यामधली, सूर घुमवणारी केसाएवढी फट दिसली की डोळा ठणठणीत, असे बाबालाल मानत.

“बारक्या, ती फट मी दाखवतो,” भिंग त्या कणाला म्हणे. “तू काय दाखवतोस?”

“काहीच नाही, दादा. मी डोळ्यातलं पाणी तपासतो.”

एके दिवशी कण म्हणाला, “पाण्यात आजाराची खूण आहे. पडदा सुजेल, दृष्टी जाईल. दवाखान्याला कळवतो.”

“खुळा की काय? फट लख्ख दिसतेय! उगाच माझं नाव खराब करशील.”

कणाने तरीही कळवले. उपचार वेळेत झाले. वर्षभराने बाबालालांनी स्वतः घोडी घासलेल्या नव्या तानपुऱ्याची तार छेडली, आणि सारी खोली सुराने भरली. तेव्हा भिंग अभिमानाने म्हणाले, “बारक्या, ही फट आपण दोघांनी राखली.”

उपचारांचे कागद मी स्वतः पाहिले. भिंग ‘दोघांनी’ म्हणाले, एवढ्याचीच खात्री मला कधी करता आली नाही.