पाचर आणि पंडित हत्यारं

देवाशपथ, ही गोष्ट खरी आहे. फक्त तेव्हा मी नव्हतो आणि ते गावही नव्हतं.

धाकू सुताराने फळी कापून उरलेली पाचर उचलली आणि लाकूड चिकटवायचा सरस उकळत होता त्या चुलीत सारली.

“वाचवा! मी पूरक आहे!” पाचर किंचाळली.

“हवं ते काढून उरतं, ते पूरक. पटलं,” करवत म्हणाली, पण जागची हलली नाही.

“काटकोनाला कमी पडतं, ते पूरक,” काटकोन तपासणारा गुण्या गुरकावला. “आधी कोन दाखव!”

“छे! शेजाऱ्याचा रंग खुलवतो, तो पूरक,” कुंचला म्हणाला.

पाचरीचं टोक काळवंडलं.

“अरे पंडितांनो, ती जळतेय!” म्हणत खिळखिळ्या हातोड्याने आपलं डोकं धाकूच्या पायाशी टाकलं. धाकूने चुलीतली पाचर ओढली, डोकं दांड्यावर चढवलं आणि फटीत तीच पाचर ठोकली. डोकं घट्ट बसलं. सगळी हत्यारं गप्प झाली.

ती गप्प झाली, एवढंच मी पदरचं घातलं.