शिवेपलीकडचा चुडा

खापरपणजीच्याही आधीची हकिगत आहे ही. करडगावात हौसाक्का नावाची कासारीण होती. बांगडी चढवताना हात दाबावा लागतो, बाई कळवळते. हौसाक्का मग विचारायची, "बोल गं, काय चाललंय घरात?" बाई बोलू लागायची, हौसाक्का तेच गाण्यात गुंफायची आणि शेवटच्या ओळीत त्या बाईचं नाव घालायची. गाणं संपेतो बांगडी मनगटात! मालाला असा उठाव, की कुणाच्याही डोळ्यांवर यावा.

गावच्या देशमुखांच्याही डोळ्यांवर तो आला. ते म्हणाले, "हौसे, वर्षाचं धान्य घे, लुगडी घे. गाणं मात्र वाड्यातच म्हणायचं आणि शेवटी नाव आमचं."

"सरकार, एकीच्या मापाची बांगडी दुसऱ्या कुणाच्या हातात बसेल का? गाण्याचंही तसंच."

देशमुखांना ते झोंबलं. "मग शिवेच्या आत तुझं तोंड बंद!"

हौसाक्कानं पेटी उचलली आणि ओढ्यापलीकडे शिवेच्या दगडाशी जाऊन बसली. बायका पाणी तुडवून येऊ लागल्या. असं म्हणतात, ती गायला लागली की इकडे गावात चुलीपुढच्या बायकांच्या बांगड्या आपोआप किणकिणायच्या.

पुढं देशमुखांच्या लेकीचं, अनसूयेचं लग्न निघालं. चुडा भरायला लांबून कासार आणला. एक बांगडी फुटली. तसं म्हणू नये, वाढली. दुसरीही वाढली. असं म्हणतात, एकवीस वाढल्या आणि पोरीच्या हाताला ओरखडा नाही! वऱ्हाड वेशीत आलेलं, नवरीचे हात मोकळे. देशमुखांनी हौसाक्काला निरोप धाडला. उलट निरोप आला, "शिवेच्या आत मी मुकी. मुकीनं चुडा भरू नये."

"आबा, मीच जाते," म्हणत अनसूया हळदीच्या अंगानं ओढ्यात शिरली. मागून देशमुखही, जोडे हातात घेऊन.

हौसाक्कानं तिचा हात धरला. "बोल गं." पोर काय बोलली ते पाण्याच्या आवाजात देशमुखांना ऐकू आलं नाही, गाण्यात मात्र आलं. सासर लांबचं, आई नाही, भीती वाटते आणि बापाला सांगायची चोरी. चुडा पुरा चढला, एक बांगडी वाढली नाही. शेवटच्या ओळीत नाव आलं ते अनसूयेचं. देशमुखांनी उपरण्यानं डोळे पुसले. "अक्का, गावात चल."

"नको सरकार. इथं गिऱ्हाईक मोकळं बोलतं."

करडगावची नवरी आजही चुडा भरायला त्या दगडापाशी जाते. बापानं ऐकू येईल एवढ्यावर उभं राहायचं, बोलायचं नाही. हौसाक्काचं एकही गाणं कुणाला येत नाही. चुडा भरणारी नवरीला विचारते आणि तिथल्या तिथं रचते. कुणी दुसरीचं गाणं म्हटलंच, तर नवरी हात मागं घेते.