धामणीची पाठ

“पण लाकडात खोट कुठंय, ते तरी दाखवा!”

भिकन मिस्त्रीचा आवाज जरा चढलाच.

तळोद्यात त्याच्या हाताला नाव होतं. देवळांचे दरवाजे, रथाची चाकं, लग्नातले पलंग… तीस वर्षांत त्याने जोडलेला सांधा कुणी सुटलेला पाहिला नव्हता. पण लेकीसाठी केलेली तीन धनुष्यं मोडली होती. तिसऱ्याची ढलपी उडून रेवतीच्या भुवईत घुसली. डोळा वाचला. तेव्हापासून मात्र पोरीने दोरीला बोट लावलं नव्हतं.

म्हणून चौथं धनुष्य घेऊन तो धडगावच्या वरच्या पाड्यावर आला होता, जाहांग्या डायाकडे. पहाडात जाणत्या म्हाताऱ्याला डाया म्हणतात. या डायाची सारी हयात धनुष्यं करण्यात गेली होती.

डायाने धनुष्य मांडीवर घेतलं. त्याच्या पाठीवरून, नेमाकडे तोंड असतं त्या बाजूवरून, अंगठा सावकाश फिरवला. मग चुलीतला विझलेला कोळसा उचलला आणि मुठीच्या वर वीतभर अंतरावर एक ठिपका काढला.

“इथं.”

“इथं काय?”

“इथून जाईल.”

भिकन हसला. धामणीचं लाकूड, ज्योतीसारखं सरळ, रंध्याने आरशासारखं गुळगुळीत केलेलं. त्याने तोंड बाजूला वळवलं, हात लांब केला आणि दोरी ओढली.

कडाड!

दोन तुकडे दोरीला लोंबकळत राहिले. भिकनने मोडलेली जागा पाहिली. काळा ठिपका मधोमध चिरला होता.



“हे… हे तुम्हाला कसं कळलं?”

“पाठ कुणी सोलली?”

“मीच. खडबडीत होती, म्हणून रंधा मारला.”

डायाने तुकड्यावर नख ठेवलं. “शेवटच्या पावसात झाडानं अंगावर एक पांघरूण घेतलं होतं. ते तू इथं फाडलंस.”

भिकनने तुकडा उजेडाकडे धरला; सालीखालचा शेवटच्या वर्षाचा थर तिथंच रंध्याने कापला गेला होता.

थंडीचे दिवस होते. धामणीची पानं झडली होती. दुसऱ्या दिवशी दोघं रानात गेले. ओढ्याकाठी हव्या तेवढ्या कोवळ्या धामणी होत्या, मनगटाएवढ्या जाड, भराभर वाढलेल्या. भिकन एकेकीला हात लावायचा.

“ही?”

डाया पुढे चालत राहायचा.

वरच्या उतारावर, मोठ्या झाडांच्या सावलीत, एक किरकोळ धामण उभी होती. उजेडासाठी वर वर गेलेली. डोक्याच्या उंचीपर्यंत एकही फांदी नाही, फक्त एक बारकी गाठ. डाया थांबला. त्याने सालीवर तळवा ठेवला… आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.  भिकनने नकळत पायातल्या वहाणा काढल्या.

“वाकव.”

भिकनने झाड अंगाच्या भाराने वाकवलं आणि सोडलं. ते सपकन उभं राहिलं, जसं होतं तसं.

“वय काय असेल हिचं?”

“ओढ्याकाठच्यांच्या दुप्पट. सावलीत उपाशी वाढली. अंग घट्ट झालं.”

तोडल्यावर डायाने दोन्ही तोंडांना शेण लिंपलं, म्हणजे ओल हळूहळू जाते, लाकूड तडकत नाही. मग सालीसकट ते चुलीच्या धुरावर, आढ्याला टांगलं.

“घेऊन कधी जाऊ?”

“पुढच्या थंडीत ये.”

“वर्षभर?”

“ती पंधरा वर्षं थांबली.”

भिकन वर्षभराने आला. पहिल्याच दिवशी डायाने त्याचा रंधा काढून घेतला आणि हातात कोयता अन् काचेचा तुकडा ठेवला.

पाठीची साल भिकनने बांबूच्या चिपेने उचलली, जखमेवरची खपली काढावी तशी. खाली पिवळसर, मऊ चमक असलेलं लाकूड उघडं पडलं. त्या पाठीला पुढे हत्यार लागलं नाही. सगळी तासणी पोटाकडून, ओढणाऱ्याच्या बाजूने. थोडं खरवडायचं, थोडं वाकवून पाहायचं, पुन्हा खरवडायचं.

पाठीवर ती गाठ उंचवट्यासारखी वर आली होती. रोज भिकनचा हात तिकडे जायचा. तीस वर्षांची सवय… एक काच फिरवली असती तर सपाट झाली असती.

एकदा काच तिच्यावर टेकलीसुद्धा. डाया समोर बसून बांबूच्या सालीची दोरी वळत होता. वर पाहिलंही नाही त्याने.

भिकनने काच खाली ठेवली. 

बाराव्या दिवशी दोरी चढली. खडबडीत, गाठीचं, ओबडधोबड धनुष्य. तळोद्याच्या बाजारात त्याने स्वतःचं म्हणून दाखवलं नसतं.

“ओढ,” डाया म्हणाला. “बाण नको. नुसतं ओढ.”

भिकनने सवयीने तोंड बाजूला वळवलं. आणि त्याला दिसलं… डाया उठून जवळ आला होता. त्याने डोळे मिटले आणि धनुष्याच्या पाठीवर, बरोबर त्या गाठीवर, आपलं उघडं कपाळ टेकलं.

“डाया, बाजूला व्हा! मोडलं तर…”

“ओढ.”

 भिकनने दोरी धरली. बोटभर… वीतभर… छातीपर्यंत… कानापर्यंत.

लाकूड वाकत गेलं. आवाज नाही, कुरकुर नाही. म्हाताऱ्याचं कपाळ त्याच्यासोबत सावकाश पुढे येत गेलं, पाळण्यावर हात ठेवल्यासारखं.

दोरी सावकाश परत आणून भिकनने धनुष्य खाली ठेवलं. त्याच धनुष्याने रेवतीने पुढे अनेक वर्षं नेम धरला, पण ते नंतर. त्या घटकेला त्याला फक्त समोरचं शांत कपाळ दिसत होतं. साधा ओरखडाही नव्हता.

“डाया,” तो म्हणाला, “माझ्या हातांवर एवढा भरवसा ठेवलात?”

डायाने डोळे उघडले.

“तू जिथं हात लावला नाहीस, तिथं मी डोकं ठेवलं.”