एका शब्दाचं निदान

सरकारी मेडिकल कॉलेजातल्या कानाच्या सर्जन डॉ. मृदुला खांबेटे यांचं डोकं सकाळपासूनच तापलं होतं. कानामागचं हाड कोरायचं ड्रिल आठ महिने बंद. नव्यासाठी त्यांनी अधिष्ठात्यांना नऊ पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. कान फुटलेल्या भागूबाई तीन हेलपाटे घालून तशाच परत गेल्या. पू मेंदूपर्यंत गेला तर जबाबदार कोण? अधिष्ठाते डॉ. गर्गे मूळचे डोळ्यांचे डॉक्टर. त्यांच्या विभागात मात्र याच वर्षी दोन नवी यंत्रं आली. आता बोला!

त्यात तपासणीला संचालक आले. भरल्या बैठकीत गर्गे कडाडले, "आठ महिन्यांत कानाच्या हाडाची एक शस्त्रक्रिया नाही! मॅडम, तुमच्या विभागाला झालंय तरी काय? डॉक्टर आहात ना? मग करा निदान. पाल्हाळ नको, एका शब्दात!"

मृदुलाताईंनी नऊ पत्रांच्या प्रती संचालकांपुढे आपटल्या आणि म्हणाल्या, "कानाडोळा."

"म्हणजे?"

"कान माझा विभाग, सर, आणि डोळा तुमचा. कानाने आपलं दुखणं नऊ वेळा सांगितलं. डोळ्याने एकदाही वाचलं नाही."

बैठकीत खसखस पिकली. संचालक मात्र हसले नाहीत. त्यांनी नववं पत्र वर काढलं, पेनाचं टोपण उघडलं आणि पेन गर्गेंच्या हातात दिलं.

"निदान झालं, डॉक्टर. आता उपचार माझ्या डोळ्यांदेखत करा."