दार जरा घासतं

"पण ताई, खिंडार मी शोधलं, बुजवलंही मी... मग तसं लिहायला हरकत कसली?"

कुमुदताई मोड आलेले वाल सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

कुमुदताई राऊत रेवदंड्याला राहतात. संगणकात सगळ्या प्रोग्रॅमांच्या खाली जो गाभा असतो, कर्नल, त्यातला मेमरीचा भाग कित्येक वर्षं त्यांच्या राखणीत आहे. हा कर्नल कोणा एकाच्या मालकीचा नाही. जगभरातली माणसं तो मिळून लिहितात, आणि लिहिलेलं कोणालाही वाचता येतं. मेमरीच्या भागात कोणी बदल सुचवला की तो ताईंच्या नजरेखालून जातो. त्या हो म्हणाल्या तरच पुढे.

शार्दूल खोत त्यांचा शिष्य. हुशार. आपण हुशार आहोत हे त्याला जरा लवकर कळलं, एवढाच काय तो दोष.

त्याला त्या गाभ्यात एक खिंडार सापडलं होतं. तिथून शिरणारा अख्ख्या यंत्राचा मालक झाला असता. ते बुजवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं ठिगळ, त्याने लिहिला, आणि पॅचच्या माथ्यावर खिंडाराचं असं वर्णन केलं, की लग्न जुळवताना नवऱ्यामुलाचंही कोणी करत नाही. कुठून शिरायचं, शिरल्यावर काय हाती लागतं, आणि ठळक अक्षरांत शोधणाऱ्याचं नाव.

बंगळूरला एक मोठी परिषद होती. संध्याकाळपर्यंत हे सगळं जगजाहीर झालं तर तिथे त्याचं भाषण पक्कं होतं. भाषणामागून नोकरी येणार होती. घरी पेढे कुठून आणायचे यावर बोलणं झालं होतं.

"काम चोख आहे," ताई म्हणाल्या. "वरचं तेवढं बदल."

"का?"

ताईंनी आणखी थोडे वाल सोलले.

"तू आत कसा आलास रे?"

"मागच्या दाराने. बेल वाजवली, तुम्हाला ऐकू गेली नाही."

"मागचं दार लावलेलं होतं."

"होतं की," शार्दूल खुलला. असले प्रश्न त्याला आवडत. "खालचा बोल्ट उंबऱ्याच्या खाचेत जेमतेम टेकतो. दार बाहेरून जरा उचललं की सुटतो. मी उचललं."

"बसवून दे नीट."

ताईंनी खणातून स्क्रूड्रायव्हर काढून दिला. त्याने बोल्ट सोडवला, दोन बोटं खाली बसवला, बाहेर जाऊन दार उचलून पाहिलं. दार हललं नाही. तो हात झटकत आत आला.

"झालं."

"छान. आता फाटकावर पाटी लाव."

"कसली?"

ताईंनी जुन्या खोक्याचा पुठ्ठा पुढे केला. "लिही. या घराचं मागचं दार जरा उचललं की उघडायचं, ते आज दुरुस्त केलं. खाली तुझं नाव घाल. ठळक घाल."

शार्दूल हसला. ताईंना कधीमधी लहर येते, हे त्याला ठाऊक होतं. त्याने झोकात लिहिलं आणि पुठ्ठा घेऊन फाटकाशी गेला.

तिथे उभं राहिलं की सगळी गल्ली दिसते. एका रांगेत बैठी घरं. तोच रंग, तीच कौलं. बोळातून मागची बाजू दिसते, तिथे तीच दारं.

तो पुठ्ठा हातात धरून उभाच राहिला...

बऱ्याच वेळाने आत आला.

"ताई, ही सगळी घरं..."

"एकाच कंत्राटदाराची."

"सगळ्या दारांना तसाच बोल्ट?"

"तसाच असणार."

शार्दूलने पुठ्ठा फाडला आणि तुकडे बंबाशेजारी ठेवले. मग लॅपटॉपकडे पाहिलं. त्याचा पॅच आज जाहीर झाला असता, आणि इस्पितळांतली, वीजकेंद्रांतली यंत्रं तो बसवून घ्यायला महिने लावणार होती. तोवर त्याचं वर्णन कोणीही वाचणार होतं. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्याने कधी फाटकाशी उभं राहून पाहिलं नव्हतं.

"मग मी कोणालाच काही सांगत नाही," तो म्हणाला.

"मग त्यांचे बोल्ट कोण बसवणार?"

शार्दूलने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि बाहेर पडला.

शेजारी पेडणेकर राहतात, निवृत्त पोस्टमास्तर. ते झोपाळ्यावर बसले होते.

"काका, तुमच्या मागच्या दाराचा बोल्ट बदलून बसवू का?"

"कशाला?"

"बरं पडेल."

"काय बरं पडेल?"

खरं सांगितलं, तर ती पाटी लावल्यासारखंच झालं असतं. पेडणेकरांनी त्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "कोणी पाठवलं तुला? आमचं मागचं दार तुला कसं ठाऊक?"

तो घाईघाईने तिथून निघाला.

पुढच्या घरातल्या वहिनी म्हणाल्या, "दार व्यवस्थित चाललंय. चालत्या दाराला हात लावायचा नाही, असं आमच्या ह्यांचं म्हणणं आहे." त्याच्या पुढच्या घरी त्याला विक्रेता समजून खिडकीतूनच नको म्हणाले. शार्दूलचे कान तापले. या माणसांच्या घरात चोर शिरू नये म्हणून हा उन्हात हिंडत होता, आणि चोर म्हणून संशय याच्यावरच. मला तर त्याची दया आली, आणि थोडं हसूही.

परतताना तो वहिनींच्या घरामागून जात होता, तेवढ्यात त्यांनी मागचं दार उघडलं. उघडताना ते करकरलं.

शार्दूल थांबला.

"वहिनी, दार जरा घासतंय. बोल्ट थोडा सरकवला की घासायचं नाही."

"हो का? मग बघ बाई एकदाचं. रोज कटकट आहे त्याची."

त्याने बोल्ट खाली बसवला, बिजागरीत तेल सोडलं. वहिनींनी कोकम सरबत दिलं, आणि भिंतीवरून शेजारणीला हाक मारली. मग तिचंही दार घासत असल्याचं निघालं. तिच्या पलीकडच्यांचंही. शेवटी पेडणेकर स्वतः फाटकात येऊन म्हणाले, "आमचंही बघ जरा, घासतं ते."

परत आला तेव्हा त्याच्या शर्टाला तेलाचे डाग पडले होते.

"झाली सगळी?" ताईंनी विचारलं.

"झाली... पण खोटं बोललो, ताई."

"दारं घासत नव्हती?"

"घासत होती थोडी."

"मग?"

शार्दूलने लॅपटॉप पुढे ओढला. पॅचच्या माथ्यावरचं लांबलचक वर्णन पुसलं, आणि त्या जागी एक ओळ लिहिली: मेमरी परत देताना मोजणी चुकत होती, ती सुधारली. ओळ खरी होती. इतकी रटाळ होती की कोणी दुसऱ्यांदा वाचणार नाही. खाली रिवाजाप्रमाणे नाव, साध्या अक्षरांत, रोज येणाऱ्या शेकडो नावांमधलं एक.

ताईंनी चष्मा लावून ती ओळ वाचली. पॅच पुन्हा अथपासून इतिपर्यंत तपासला. मग हो म्हणाल्या. पॅच पुढे गेला.

"आणि बंगळूरचं भाषण?" शार्दूलने विचारलं.

"सगळीकडे पॅच बसला की दे. तेव्हा सगळं सांग."

"तोवर ते दुसऱ्या कोणाला बोलावतील."

"बोलावतील."

बाहेर पेडणेकरांच्या झोपाळ्याची कडी वाजत होती. शार्दूलने परिषदेला दोन ओळींत कळवलं की यंदा जमत नाही. त्याला फार वाईट वाटलं. डोळे भरून आले, ते त्याने तेलकट बाहीला पुसले. कोणालाही वाईट वाटलं असतं. वर्षभर तो त्या एका गोष्टीच्या मागे होता.

मग घरी काय सांगायचं, याचा विचार करत त्याने समोरची परात जवळ ओढली आणि वाल सोलायला घेतले. त्याला ते नीट जमत नव्हतं. सालाबरोबर अर्धा दाणा जात होता.

"ताई."

"हं."

"म्हणजे हे मी केलं, ते कोणाला कळणारच नाही?"

ताईंचा हात थांबला.

"एकाला कळेल."

"कोणाला?"

"ज्याची ये-जा बंद झाली, त्याला."